नवा डॉक्टर, जुनी कुरकुर

मालिकेचा नायक बदलला की प्रेक्षक कुरकुरतात, हे कोणत्याही निर्मात्याला सांगावं लागत नाही. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ने ही कुरकुर साठ वर्षांत डझनाहून अधिक वेळा स्वतःहून ओढवून घेतली. दर वेळी कारण निराळं: हा विदूषक वाटतो, हा फार तरुण, हा फार म्हातारा, ही तर बाई. मागे वळून पाहिलं तर एक गोष्ट ठळक दिसते. प्रेक्षकांच्या मनातल्या संशयाला कथेतच जागा मिळाली, तेव्हा नवा चेहरा लवकर रुजला. तशी जागा मिळाली नाही, तेव्हा तोच संशय बाहेर जाऊन मालिकेच्या मुळावर आला.

मालिका सुरू झाली २३ नोव्हेंबर १९६३ रोजी. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट, पहिल्या कथेचे दिग्दर्शक लखनौत जन्मलेले वारिस हुसेन, आणि टार्डिस नावाच्या यानातून काळ-अवकाशात भटकणारा चिडका म्हातारा डॉक्टर, म्हणजे विल्यम हार्टनेल. तीन वर्षांत हार्टनेल यांची प्रकृती ढासळली, संवाद लक्षात राहीनात. पण मालिका जोरात होती, डॅलेक या यंत्रकवचातल्या शत्रूंनी मुलांना वेड लावलं होतं. मग निर्माते इनिस लॉइड आणि कथा-संपादक गेरी डेव्हिस यांनी तोडगा काढला. डॉक्टर परग्रहावरचा आहे ना, मग त्याची कायाच पालटू द्या. २९ ऑक्टोबर १९६६ च्या भागात हार्टनेल टार्डिसमध्ये कोसळले आणि त्यांच्या जागी दिसले पॅट्रिक ट्राउटन.

हार्टनेलसारखा दिसणारा नट शोधता आला असता. तसं न करता चेहऱ्याबरोबर स्वभावही बदलला. नवा डॉक्टर विस्कटलेल्या केसांचा, बासरी फुंकणारा, थोडा वेंधळा. बीबीसीच्या प्रेक्षक-पाहणीत काहींनी नाकं मुरडलीच. पण लेखकांनी ही नाराजी आधीच हेरून पहिल्याच कथेत घातली होती. डॉक्टरचा सहप्रवासी बेन या माणसावर विश्वास ठेवायला तयार नाही. तो डॉक्टरची नेहमीची अंगठी पुढे करतो: तू तोच असशील तर घाल बघू. अंगठी ढिली पडून बोटातून निसटते. बेनच्या मते निकाल लागला. ट्राउटनचा डॉक्टर मात्र उलट विचारतो, पंख फुटलेलं फुलपाखरू जुन्या कोशात मावेल का? पुढे एका डॅलेकचा डोळा नेमका या नव्या डॉक्टरवर रोखला जातो. सोबत्याला जे पटत नव्हतं, ते वैऱ्याने एका नजरेत ओळखलं. घरी बसलेल्या मुलाने जे विचारलं असतं, तेच बेनने विचारलं आणि उत्तरही गोष्टीतच मिळालं. या कथेचे सहाही भाग बीबीसीने पुढे पुसून टाकले. ध्वनिमुद्रण उरलं म्हणून २०१६ मध्ये ते अॅनिमेशनच्या रूपात पुन्हा पाहता आले.

१९७० मध्ये जॉन पर्टवी आले तेव्हा शंका घ्यायला डॉक्टरला आधीपासून ओळखणारा लष्करी मित्र, ब्रिगेडियर, होता. १९७४ मध्ये टॉम बेकर आले आणि सात वर्षं राहिले. एवढी सलग वर्षं आजवर कुणी काढलेली नाहीत. एकोणतिसाव्या वर्षी निवड झालेल्या पीटर डेव्हिसन यांना ‘फार तरुण’ हा शिक्का बसला, तोही हळूहळू पुसला गेला.

घात झाला तो १९८४ मध्ये. डेव्हिसन यांची शेवटची कथा १६ मार्चला संपली. सोबतिणीला, पेरीला, वाचवताना तो डॉक्टर प्राण पणाला लावतो. सहाच दिवसांनी पडद्यावर आलेल्या कॉलिन बेकर यांच्या डॉक्टरने त्याच पेरीचा पहिल्याच भागात गळा दाबला. कायापालटानंतर त्याचं डोकं ठिकाणावर नाही, असा खुलासा होता. पण मार्चअखेर हंगाम संपला आणि पुढचा भाग आला जानेवारी १९८५ मध्ये. नऊ महिने प्रेक्षकांच्या मनात नव्या नायकाचं तेवढंच चित्र राहिलं. पेरीने संशय घ्यावा आणि हळूहळू तो फिटावा, एवढा अवधीच कथेला मिळाला नाही. २००९ मध्ये ‘डॉक्टर हू मॅगझिन’ने वाचकांकडून तोवरच्या २०० कथांची क्रमवारी लावून घेतली. डेव्हिसन यांची ती शेवटची कथा पहिली आली आणि लगेच पुढची, कॉलिन बेकर यांची, दोनशेवी. १९८५ मध्ये मालिका दीड वर्ष थांबवली गेली. नंतर कॉलिन बेकर यांना काढून टाकलं, आणि ते निरोपाच्या दृश्यालाही आले नाहीत. १९८७ मध्ये सिल्व्हेस्टर मॅकॉय यांनी सोनेरी कुरळ्या केसांचा टोप घालून आधी जुना डॉक्टर उभा केला, मग स्वतःचा. १९८९ च्या डिसेंबरात मालिका बंद पडली. सगळा दोष कॉलिन बेकर यांच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. त्यांच्या वाट्याला लिखाणच तसं आलं.

१९९६ च्या एका दूरचित्रपटाचा अपवाद सोडला तर डॉक्टर परतला २६ मार्च २००५ रोजी. क्रिस्तोफर एकल्स्टन सोडून चालले आहेत, ही बातमी पहिल्या भागानंतर आठवडाभरातच फुटली. पण मालिका चालवणारे रसेल टी. डेव्हीज यांना १९६६ ची युक्ती आठवत असावी. त्या नाताळात डेव्हिड टेनंट यांचा डॉक्टर बराच वेळ पायजम्यात झोपूनच आहे आणि त्याची सोबतीण, रोज, डोळे पुसत म्हणते, तो मला सोडून गेला. प्रेक्षकांच्या वाटचं ती रडली, म्हणून त्यांना टेनंटकडे मोकळ्या मनाने पाहता आलं. २०१० मध्ये सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या मॅट स्मिथना सोबतीण मिळाली ती कोरी, आधीचा डॉक्टर न पाहिलेली. तिथे मालिकेचे नवे सूत्रधार स्टीव्हन मोफॅट यांनी दुसरी वाट काढली. कथेच्या शेवटी आधीच्या दहाही डॉक्टरांचे चेहरे हवेत झळकतात आणि त्या चेहऱ्यांतून पाऊल टाकत स्मिथ पुढे येतात. २०१४ मध्ये पंचावन्न उलटलेले पीटर कपाल्डी आले, तेव्हा गोंधळलेल्या सोबतिणीला, क्लाराला, खुद्द स्मिथच्या डॉक्टरचा फोन येतो: याला सांभाळून घे.

१६ जुलै २०१७ रोजी विम्बल्डनची पुरुष अंतिम लढत संपली आणि नव्या डॉक्टर म्हणून जोडी व्हिटेकर या अभिनेत्रीचं नाव जाहीर झालं. बाई डॉक्टर ही कल्पना आभाळातून पडलेली नव्हती. मालिकेच्या जन्मदात्यांपैकी एक, सिडनी न्यूमन यांनी १९८६ मध्येच डॉक्टरची बाई करा असं बीबीसीला लिहून कळवलं होतं. तरी ‘हे थोतांड आता पुरे’पासून ‘माझ्या मुलीला शेवटी डॉक्टर मिळाली’पर्यंत सगळं ऐकू आलं. मुलांचा आदर्श हरवतोय अशी खंत डेव्हिसन यांनी बोलून दाखवली, ती कॉलिन बेकर यांनी जाहीरपणे खोडली. पहिला भाग ब्रिटनमध्ये सुमारे १ कोटी १० लाख लोकांनी पाहिला. म्हणजे नाराजांसकट सगळे आले होते. पण त्या भागातल्या तिन्ही सोबत्यांनी जुना डॉक्टर पाहिलेलाच नव्हता. अर्ध्या तासापूर्वी आपण पांढऱ्या केसांचा स्कॉटिश पुरुष होतो, हे डॉक्टरने एका विनोदात उरकलं. पडद्यावर बेन नव्हता. त्याचं काम वर्तमानपत्रांनी आणि वादपटूंनी केलं. पुढे प्रेक्षक घटत गेले, आणि दोष लिखाणाचा की निवडीचा, हे भांडण मिटलंच नाही.

त्यानंतरचा उलटफेर जास्त बोलका आहे. २०२२ मध्ये व्हिटेकर यांची काया पालटली ती पुन्हा टेनंटमध्ये. २०२३ मध्ये शूटी गाटवा आले, तेव्हा जुना डॉक्टर गेलाच नाही. दोघं शेजारी उभे राहिले. ३१ मे २०२५ रोजी गाटवा गेले आणि समोर आला बिली पायपर यांचा, म्हणजे २००५ च्या सोबतीण रोजचा, चेहरा. आता अनेक चाहत्यांची कुरकुर उफराटी होती: नवं कुणी मिळालं नाही का?

१९६६ चे लॉइड आणि डेव्हिस मालिकेचे भक्त नव्हते. चालती मालिका वाचवणं एवढंच त्यांचं काम होतं, म्हणून त्यांचा हात थरथरला नाही. २००५ पासून मालिका हातात असलेले डेव्हीज, मोफॅट आणि क्रिस चिबनल हे तिघंही लहानपणापासूनचे चाहते. चिबनल तर १९८६ मध्ये किशोरवयातच बीबीसीच्या कार्यक्रमात येऊन मालिकेच्या लेखकांना त्यांच्या चुका सुनावत होते. चाहते लेखक झाले याचा मालिकेला फायदाच झाला. पण जुन्या चेहऱ्यावरचा चाहत्याचा जीवही त्यांच्याबरोबर आत आला. प्रेक्षकांनी इतके डॉक्टर कुरकुरत का होईना पचवले. पुढच्या वेळी आधी मन घट्ट करावं लागेल ते लेखकांना.