न्यूट्रलमध्ये घाट उतरू नका!

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूर आणि पुढे हरिहरेश्वरचा समुद्र, असा बेत होता. आम्ही सहाजण, तीन बाइक, आणि पुढे वाट दाखवायला पोलादपूरचाच आमचा एक सीनियर. त्याने निघतानाच बजावलं होतं, "कुणी न्यूट्रल टाकायचं नाही." पण पेट्रोलची किंमत होस्टेलवाल्यांना काय सांगायची! मी इंजिन बंद करून गाडी सोडली.

प्रतापगडचा फाटा गेला आणि जळका वास यायला लागला. मागचा ब्रेक दाबावा तर पाय नुसताच खाली जातोय. वळण कसंबसं निघालं. मागे बसलेला रूम पार्टनर (एरवी पक्का नास्तिक) देवाचं नाव घेत होता.

हिशोब फर्स्ट इयरचा आहे. गाडी, दोघं आणि सामान मिळून ३०० किलो, उतार साधारण १३०० मीटर. म्हणजे सुमारे ३८ लाख जूल, अकरा लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता! थोडी हवा खाते, बाकी सगळी ब्रेकच्या माथी. ड्रम तापून फुगतो, शूजपासून लांब जातो, लायनिंगची पकडही सुटते. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून थ्रॉटल सोडला, तर चाकच इंजिनाला फिरवतं आणि बराचसा भार इंजिन घेतं.

सीनियरने अर्धा तास थांबवलं. ड्रमवर पाणी ओतू दिलं नाही, तापलेल्या बिडाला तडा जातो म्हणे. मग त्याच्या मागोमाग दुसऱ्या गिअरमध्ये, गुरगुरत खाली.

वाचलेलं पेट्रोल? फार तर दोन कटिंग. परतीला मला मागे बसवलं.