शॉर्ट सेल: सही मालकाची, निर्णय बँकेचा

आज घराबद्दल बोलू. म्हणजे, न मिळालेल्या घराबद्दल.

२०१२ ची गोष्ट. मी आणि बायको कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोजवळच्या फॉल्समला भाड्याने राहत होतो. जूनमध्ये बाळ येणार होतं, त्याआधी स्वतःचं घर हवं होतं. तीन बेडरूमचं एक घर आवडलं. किंमत २ लाख ४० हजार डॉलर, आणि जाहिरातीत खाली लिहिलेलं: शॉर्ट सेल. मला वाटलं, शॉर्ट म्हणजे झटपट. बी.टेक. होऊन हा गैरसमज!

इथे शॉर्ट म्हणजे कमी पडणं. घर विकून येणारे पैसे कर्ज फेडायला कमी पडतात. २००६ नंतर अमेरिकेत घरांच्या किमती कोसळल्या, सॅक्रामेंटोच्या भागाला तर मोठाच फटका बसला. या घराच्या मालकांवर दोन कर्जं होती: एका बँकेचं ३ लाख ३० हजारांचं, दुसरीचं ५० हजारांचं. अशा वेळी मालक बँकेला विनंती करतो, की विकून येतील तेवढे घ्या आणि घरावरचा बोजा उतरवा.

गोम इथेच आहे. फेब्रुवारीत मालकांनी दोन दिवसांत आमची ऑफर स्वीकारली, सही केली. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. पण घर त्यांचं असलं तरी निर्णय बँकेचा. बँक मालकाच्या पगाराचे कागद, खात्यांचे उतारे, अडचणीचं पत्र तपासते, घराची किंमत स्वतः काढून घेते. आमची फाइल बघणारा माणूस दोनदा बदलला. मधल्या काळात कागद जुने झाले, म्हणून तेच पुन्हा मागितले. मी घाईने व्याजदर ४५ दिवसांसाठी पक्का करून ठेवला होता, ती मुदत गेली. बाळ आलं, भाड्याच्याच घरात.

जुलैमध्ये पहिल्या बँकेने हो म्हटलं. मग दुसरी अडली. लिलाव झाला तर आधी पहिलीचे पैसे फिटणार, दुसरीला बहुधा शून्य. तरीही तिच्या होकाराशिवाय तिचा बोजा उतरत नाही, आणि हे तिला माहीत असतं. शिवाय जुलै २०११ पासून कॅलिफोर्नियात शॉर्ट सेलला मान्यता दिली की उरलेली रक्कम मालकाकडे मागता येत नाही. म्हणजे मागायचं ते आत्ताच. पहिली ६ हजार द्यायला तयार, ही १२ हजारांवर अडून.

ही घासाघीस चालू असतानाच, ऑगस्टमध्ये, पहिल्याच बँकेच्या दुसऱ्या विभागाने घर लिलावात विकलं. एक विभाग विक्रीला मान्यता देतोय, दुसरा लिलावाची तारीख लावतोय! जानेवारी २०१३ पासून इथे कायदा आला: सगळ्यांनी लेखी मान्य केलेली शॉर्ट सेल असेल तर लिलाव करता येत नाही. पण आमच्याकडे दुसऱ्या बँकेची मान्यताच नव्हती, त्यामुळे तोही कामी आला नसता.

मालकांचा फोन आला. तेच ‘सॉरी’ म्हणाले. आमचे सहा महिने गेले होते, त्यांचं घर गेलं होतं. काय बोलणार?

तर ऑफर देण्याआधी एजंटला विचारा. कर्जं किती आणि कुणाकुणाची? मालकाची फाइल बँकेत पूर्ण गेली आहे का? लिलावाची तारीख लागली आहे का? कर्ज फॅनी मे किंवा फ्रेडी मॅककडे असेल तर थोडं बरं, कारण जून २०१२ पासून त्यांच्या कर्जांवर पूर्ण अर्ज आल्यावर ६० दिवसांत निर्णय देण्याचा नियम लागू झाला. दोन कर्जं असतील तर दुसऱ्या बँकेचं काय चाललंय ते आधी बघा. सगळ्या मान्यता लेखी हातात येईपर्यंत भाड्याचं घर सोडू नका, व्याजदरही पक्का करू नका.

आम्ही २०१३ मध्ये साधी विक्री असलेलं घर घेतलं. १५ हजार जास्त गेले. पण विकणाऱ्याची सही झाली आणि ३५ व्या दिवशी किल्ली हातात आली.