जातं थांबलं, मग ओवीचं काय?

आंबेगाव तालुक्याचं मुख्य ठाणं घोडेगाव. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. नाव मात्र शाबूत आहे, सातबाऱ्यावर आणि विधानसभा मतदारसंघाच्या यादीतही. मंचरच्या बाजारात कांदा घेऊन आलेल्या शेतकऱ्याला ‘आंबेगाव’ म्हणजे पत्त्यातला एक रकाना. ज्यांचं घर, विहीर, वावर पाण्यात गेलं, त्यांना हाच शब्द ऐकल्यावर काहीतरी आतून ढवळून निघत असणार. अक्षरं तीच, उच्चार तोच. तेव्हा शब्दाला जी ऊब किंवा जो चटका असतो, तो त्याच्या नादात नसतो आणि शब्दकोशातल्या अर्थातही नसतो. शब्द ज्या कामाबरोबर, वासाबरोबर, जागेबरोबर वारंवार वापरला गेला, तिथून तो येतो. ती सोबत सुटली की शब्द मरत नाही. त्याचा अर्थ उरतो आणि आठवण जागी करण्याची ताकद कमी होते.

हे निव्वळ हळवेपणाने म्हटलेलं नाही. 2006 साली स्पेनमधल्या संशोधकांनी काही लोकांना लसूण, दालचिनी, जाई असे तीव्र वासाच्या वस्तूंचे शब्द नुसते वाचायला दिले आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. वास ओळखणारा मेंदूचा भाग नाकाशी काहीही नसताना जागा झाला. दुसरा पुरावा मातृभाषेचा. तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजीही येणाऱ्या लोकांवर 2003 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. लहानपणी मोठी माणसं रागावताना जे बोलतात, ते त्यांना दोन्ही भाषांत ऐकवलं. तुर्कीतलं रागावणं ऐकताना त्वचेवरच्या घामाची मोजणी जास्त उसळली. इंग्रजी वाक्याचा अर्थ त्यांना कळत होताच. पण त्या वाक्याबरोबर लहानपणी कुणी डोळे वटारलेले नव्हते. (आपल्याकडेही इंग्रजीत माफी मागणं सोपं जातं, ते बहुधा याचमुळे.)

मराठी माणसाला हे प्रयोगशाळेच्या आधीपासून माहीत होतं. जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही म्हण आपण आता काम अंगावर पडलं की जमतं, अशा अर्थाने वापरतो. ती शब्दशः घेतली तर स्मरणशक्तीचा एक नियमच सांगते. जुन्नर-आंबेगावच्या पूर्वेकडे बाजरी, पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात भात, नाचणी, वरई. बाजरीचं पीठ चार दिवसांत कडवट होतं, म्हणून ते साठवून ठेवण्याची सोय नव्हती. दळण जवळजवळ रोजचं. पहाटेच्या अंधारात दोघी समोरासमोर बसायच्या, एक पाय लांब, एक दुमडलेला. खुंट्यावर दोघींचे हात, आणि मोकळ्या हाताने तोंडात मूठ मूठ वैरायचं. दाणा पाळीखाली गेला की जातं जड होतं, पीठ सुटलं की हलकं. ओवीची चाल या जड-हलक्याशी बांधलेली. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची, तेवढ्यात पहिलीला पुढची सापडते. दगडाची घरघर, ताज्या पिठाचा वास, खांद्यातला ताण आणि अजून कुणी उठलेलं नसल्याचा मोकळेपणा हे सगळं त्या शब्दांच्या आगेमागे उभं असायचं. म्हणून तर भाऊ, माहेर, सासूचा जाच, पंढरीची वाट हे विषय तिथे निघत. दिवसाउजेडी ओट्यावर बसून यातलं निम्मंही बोललं जात नव्हतं.

पुणे जिल्ह्याच्या मावळपट्ट्यापासून सुरुवात करून हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी या ओव्या गोळा केल्या. त्यांच्या चमूने महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून 1 लाखाहून जास्त ओव्या टिपल्या. 2017 पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या आवाजासह ऐकता येतात. एवढं भांडार निरक्षर म्हणवल्या गेलेल्या बायकांच्या डोक्यात होतं. इथे कुणी म्हणेल, यात जात्याचं काय, यमक आणि लय असली की काहीही पाठ राहतं. पाढे नाही का राहत? राहतात. पण पाढ्यांची लय गुरुजींनी दिलेली. ओवीची लय दगडाने दिलेली, आणि ओवी पाढ्यासारखी ठरलेली नसते. बाई ती त्या क्षणी जोडत, बदलत जाते. त्यामुळे नुसत्या पाठांतराने तिचा उलगडा होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जिथे शिकलं तिथेच जास्त आठवतं, या मताचा प्रसिद्ध आधार म्हणजे 1975 चा पाणबुड्यांचा प्रयोग. पाण्याखाली ऐकलेले शब्द त्यांना पाण्याखाली अधिक आठवले, काठावर ऐकलेले काठावर. तोच प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्या एका अभ्यासात 2021 साली हा फरक सापडला नाही. मग सगळा डोलारा कोसळला का? मला तसं वाटत नाही. पाणबुड्यांना दिलेले शब्द एकमेकांशी संबंध नसलेले, पाण्याशीही संबंध नसलेले, आणि ऐकून थोड्या वेळाने विसरायचेच होते. जागा तिथे फक्त पार्श्वभूमी होती. ओवीत जातं हे पार्श्वभूमी नाही, ते गाण्याचं अर्धं अंग आहे, आणि सोबत वीस-तीस वर्षांची. एवढं मात्र मान्य करायला हवं, की जागा बदलली म्हणून आठवण पुसलीच जाते, असा दावा टिकणार नाही.

अनुभव नसलेल्यालाही शब्द हलवतो, त्याचं काय? ‘माळीण’ घ्या. 30 जुलै 2014 च्या सकाळपर्यंत आंबेगाव तालुक्याबाहेर हे नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. दरड कोसळली, 151 जण गेले, आणि गावाचं नाव भीतीचं नाव झालं. 2021 मध्ये तळिये, 2023 मध्ये इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हा पहिली तुलना माळीणशीच झाली. मुंबईतल्या वाचकाने तो डोंगर कधी पाहिलेला नसतो, तरी तो दचकतो. पण तो दचकतो ते बातम्यांतल्या दृश्यांमुळे, म्हणजे त्यालाही एक सोबत मिळालेली आहेच, फक्त डोळ्यांपुरती. त्या खोऱ्यातल्या शेजारच्या गावाला त्याच शब्दाबरोबर पत्र्यावरचा संततधार पाऊस ऐकू येतो. वाचकाची भीती बातमीबरोबर ओसरते. त्या गावाची दर जुलैत परत येते.

राहता राहिला प्रश्न, ओव्या ध्वनिमुद्रित झाल्यावर काय गमावलं. शब्द, चाल, गाणारीचा आवाज उरला, आणि हे थोडं नाही. गिरणीने बाईच्या खांद्यावरचं ओझं उतरवलं, त्याबद्दल हळहळण्यात अर्थ नाही; ओवीसाठी तिने पुन्हा दळत बसावं असं म्हणणारा बहुधा स्वतः दळणार नसतो. पण कोणती ओवी टिकली ते पाहण्यासारखं आहे. रोजचं दळण गिरणीत गेलं, तरी लग्नघरात हळद दळायला जातं अजून मांडलं जातं. त्याला हळदकुंकू वाहतात, सुपारी बांधतात, पाच सुवासिनी खुंट्याला हात लावतात. मग एखादी म्हातारी सुरुवात करते, बाकीच्या मागे ओढल्या जातात. टिकल्या त्या बहुतेक लग्नाच्या, हळदीच्या ओव्या. सासूच्या जाचाच्या ओव्यांना असं कोणतं कार्य उरलेलं नाही, आणि वऱ्हाडासमोर त्या कुणी म्हणतही नाही.