दानपत्रांच्या वाटेवर : सिंधुदुर्गची चार दिवसांची यात्रा

आपल्या घरांतून वर्षभरात जे प्रवास घडतात, ते साधारणतः तीन प्रकारचे असतात. पहिला पेढीच्या कामाचा, दुसरा तीर्थवंदनेचा आणि तिसरा मुलांच्या सुट्टीचा. तिन्हींची गाठोडी आपण वेगवेगळी बांधतो. कामाच्या प्रवासात देव-दर्शन धावते होते, तीर्थाच्या प्रवासात इतिहासाला सवड नसते आणि सुट्टीच्या प्रवासात या दोहोंचीही आठवण राहत नाही. सिंधुदुर्ग जिल्हा बहुतेकांच्या यादीत या तिसऱ्या प्रकारात मोडतो. तारकर्लीची वाळू, किल्ल्याची धावती फेरी, परतताना काजू आणि कोकम, एवढ्यावर यात्रा संपते. वस्तुतः व्यापार, धर्म आणि दान यांचा परस्परसंबंध दगडावर आणि तांब्यावर इतक्या स्पष्टपणे लिहिलेला प्रदेश महाराष्ट्रात फार थोडा आहे.

दिनांक १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि ओरोस येथे त्याचे मुख्यालय वसले. तेच सिंधुदुर्गनगरी. येथे समुद्र नाही, किल्लाही नाही. म्हणून प्रवासी थांबत नाहीत. पण कोकण रेल्वेचे स्थानक आणि मुंबई-गोवा महामार्ग दोन्ही जवळ असल्याने सहकुटुंब मुक्कामास हे मध्यवर्ती ठिकाण सोयीचे आहे. कोल्हापूर-सांगलीकडील कुटुंबांनी करूळ घाटाने खाली उतरावे आणि आंबोली घाटाने वर चढावे. ही दिशा का सुचवली, ते लेखाच्या शेवटी ध्यानी येईल.

पहिला दिवस : खारेपाटण, पोंभुर्ले, विजयदुर्ग

करूळ घाट उतरून तळेऱ्यास आले की खारेपाटण जवळच आहे. आज महामार्गावरचे एक साधे गाव. परंतु एके काळी खाडीतून येथपर्यंत गलबते येत. येथे सापडलेला ताम्रपट शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ चा आहे. दक्षिण कोकणच्या शिलाहार घराण्यातील रट्टराज याने अव्वेश्वर नामक शिवमंदिरास दिलेल्या दानाचे ते पत्र आहे. त्यात गावे दिली आहेतच. पण व्यापाऱ्याने थांबून वाचावे असे कलम पुढे आहे. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याणक त्या मंदिरास लावून दिला आहे. चेमुल्य, म्हणजे आजचे चौल, आणि गोव्याकडील चंद्रपूर या बंदरांचा उल्लेख त्या करव्यवस्थेत येतो.

आणखी महत्त्वाचे आहे ते दानाचे प्रयोजन. देवाची पूजा, मंदिराची दुरुस्ती, तपस्व्यांचे अन्नवस्त्र, शिष्य आणि येणारे विद्वान यांची सोय, असा खर्चाचा तपशील दात्याने स्वतः ठरवून दिला आहे. तेली, माळी, कुंभार, परीट यांची कुटुंबेही मंदिराच्या सेवेस जोडून दिली आहेत. मंदिर बांधून दाता मोकळा झाला नाही. ते पुढे चालावे कसे, याचा हिशेब त्याने मांडला. हजार वर्षांपूर्वीची ही एक उत्तम विश्वस्तयोजनाच म्हणावी लागेल.

एकोणिसाव्या शतकातील रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरने खारेपाटणच्या जैन मंदिराची नोंद दक्षिण कोकणातील एकमेव जैन मंदिर अशी केली आहे. त्याच्या दर्शनाने यात्रेचा प्रारंभ करावा. शैव मठाचे दानपत्र आणि जिनमंदिर एकाच बंदरगावी नांदले, यात नवल नाही. जेथे माल उतरतो तेथे माणसे उतरतात आणि माणसांबरोबर त्यांचे देवही येतात.

हा ताम्रपट आधुनिक काळात प्रथम वाचून प्रसिद्ध करणारे विद्वान म्हणजे बाळशास्त्री जांभेकर. ‘दर्पण’ पत्राचे संपादक म्हणून त्यांना आपण ओळखतो. प्राचीन लेखांचे वाचक म्हणून फारसे ओळखत नाही. त्यांचे जन्मगाव पोंभुर्ले याच परिसरात, देवगड तालुक्यात आहे. मुलांना तेथे अवश्य न्यावे.

सायंकाळपूर्वी विजयदुर्ग गाठावा. शिलाहार राजा दुसरा भोज याने हा किल्ला बांधला, असे परंपरा सांगते. १६५३ मध्ये तो शिवाजी महाराजांनी घेतला, पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे ते प्रमुख ठाणे झाले आणि १७५६ मध्ये इंग्रजांनी समुद्रमार्गे हल्ला करून तो जिंकला. जवळच गिर्ये येथील रामेश्वराच्या मंदिरात भिंतींवरील जुनी चित्रे आणि लाकडावरील कोरीव काम पाहण्यासारखे आहे.

दुसरा दिवस : कुणकेश्वर आणि आचरा

कुणकेश्वराचे मंदिर लाटांच्या अगदी काठाशी उभे आहे. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते. शांतपणे पाहायचे असेल तर ते दिवस टाळावेत. या मंदिराविषयी एक आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. परदेशी व्यापाऱ्याचे तारू वादळात सापडले. दूर किनाऱ्यावर त्याला एक दिवा दिसला. तेथे जो कोणी देव असेल त्याने वाचवावे, मी त्याचे मंदिर बांधीन, असा नवस त्याने केला आणि वाचल्यावर तो फेडला. परंतु परधर्मीय देवाचे मंदिर बांधल्यावर स्वकीय आपल्याला स्वीकारणार नाहीत, या विचाराने त्याने शिखरावरून उडी टाकून प्राण दिला. मंदिराजवळचे एक थडगे त्याचेच म्हणून दाखवतात.

कथा खरी की रचलेली, हा प्रश्न येथे गौण आहे. स्वतःचा धर्म नसलेल्या देवाला एका व्यापाऱ्याने कृतज्ञतेने दान दिले, ही गोष्ट त्या गावाने शतकानुशतके जपून ठेवली, एवढे मात्र निश्चित खरे आहे. परंतु दानाचे कौतुक करताना त्या कथेतील दुःख विसरू नये. आपल्या माणसांना आपली कृतज्ञता समजणार नाही, हे भय त्याला समुद्रातील वादळाहून मोठे वाटले.

कुणकेश्वराहून मालवणकडे येताना आचरे गाव लागते. येथील रामेश्वराच्या कौलाने काही वर्षांनी एकदा ‘गावपळण’ होते. संपूर्ण गाव, गुराढोरांसह, घरे सोडून तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर झोपड्यांत राहतो. लहान-थोर, गरीब-श्रीमंत, सर्वांना सारखेच छप्पर. अपरिग्रहाची व्याख्या आपण पाठशाळेत शिकतो. घराला कुलूप लावून अख्ख्या गावाने ती तीन दिवस जगून पाहावी, हे दृश्य विरळा. गावपळण नसतानाही मंदिरात क्षणभर बसावे. कोणी यजमान गाऱ्हाणे घालत असेल तर ऐकावे. मालवणी बोलीत देवापुढे मांडलेले सुखदुःख आणि त्यावर जमलेल्यांचे एकमुखी ‘होय महाराजा’, यातून कोकणातील देव आणि गाव यांचे नाते जेवढे कळते तेवढे पुस्तकातून कळत नाही.

तिसरा दिवस : मालवण आणि नेरूर

मालवणच्या किनाऱ्यावर ‘मोरयाचा धोंडा’ नावाचा खडक आहे. दिनांक २५ नोव्हेंबर १६६४ रोजी येथे पूजन होऊन समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या कामास आरंभ झाला. पायाचे दगड शिसे ओतून बसवले गेले आणि तीन वर्षांत, १६६७ मध्ये, काम पुरे झाले. चहूकडे खारे पाणी असता किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी गोड्या पाण्याच्या आहेत. राजाराम महाराजांच्या काळात उभारलेल्या शिवराजेश्वर मंदिरात शिवाजी महाराजांची मूर्ती पूजली जाते. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचा जागतिक वारसा म्हणून ज्या १२ किल्ल्यांची नोंद केली, त्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग असे या जिल्ह्यातील दोन आहेत.

किल्ला पाहताना मुलांना तटाची रुंदी सांगाल, तशी मिठाची गोष्टही सांगा. गोव्यातील बारदेशाचे मीठ स्वस्त पडते म्हणून व्यापारी तिकडे वळतात आणि स्वराज्यातील मीठ पडून राहते, हे ध्यानी येताच १६७१ मध्ये महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदारास पत्र लिहून बारदेशी मिठावर जबर जकात बसवण्यास सांगितले. पत्र ज्या कुडाळास गेले, ते ओरोसच्या शेजारीच आहे. मिठाच्या भावाकडे लक्ष देणारा राजाच समुद्रात किल्ला बांधतो, कारण दोन्हींचा हेतू एकच, आपल्या बंदरांचे रक्षण.

परतताना कुडाळजवळच्या नेरूरला जावे. येथे बदामीच्या चालुक्यांचे ताम्रपट सापडले. त्यांतील एक मंगलेश राजाचा, तर एक सातव्या शतकातील राणी विजयभट्टारिकेचा आहे. दुसऱ्या पुलकेशीची ही स्नुषा. तिचे आणखी एक दानपत्र वेंगुर्ले तालुक्यातील कोचरे येथे मिळाले. तेराशेहून अधिक वर्षांपूर्वी एक स्त्री स्वतःच्या नावे भूमिदान देत होती, हे आपल्या लेकी-सुनांना याच भूमीवर उभे राहून सांगावे.

चौथा दिवस : रेडी आणि एक हरवलेला बुद्ध

वेंगुर्ल्यात सतराव्या शतकातील डचांच्या वखारीचे अवशेष पाहून रेडीस जावे. १९७६ मध्ये तेथील खाणीत सापडलेल्या द्विभुज गणेशामुळे रेडी आज प्रसिद्ध आहे. पण तिचे नाव फार जुने आहे. कर्नाटकातील ऐहोळे येथे मेगुती जिनालय आहे. तेथे जैन कवी रविकीर्तीने इ. स. ६३४ च्या सुमारास कोरविलेल्या प्रशस्तीत, मंगलेशाने जिंकलेल्या ‘रेवतीद्वीपा’चा उल्लेख येतो. विद्वान ते रेवतीद्वीप म्हणजे हीच रेडी मानतात. ऐहोळेस गेलेल्या वाचकांनी तो शिलालेख पाहिला असेल. त्यातील एक ठिकाण येथे समुद्रात पाय बुडवून पाहता येते.

रेडीपलीकडे तेरेखोलची खाडी आणि मग गोवा. त्या बाजूस कोलवाळ येथे १९३० मध्ये फादर हेरास यांना बुद्धाची एक प्राचीन मूर्ती सापडली. आज ती मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील हेरास संग्रहालयात आहे. या किनाऱ्यावर बौद्ध उपासक होते याची ती मूक साक्ष. अधिक पाहण्याची इच्छा असणाऱ्यांनी मुंबईस परतताना दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजीस वेगळा दिवस द्यावा. तेथील २९ लेण्यांत आरंभी बौद्ध भिक्षू राहिले, मग वज्रयानी साधना आली, पुढे गणेश-शिवाची उपासना आणि शेवटी नाथपंथ. उपासक बदलले, तरी आधीचे सारे पुसून टाकले गेले नाही; म्हणून तर आज हा क्रम वाचता येतो.

दात्यांनी विचार करावा

पन्हाळेकाजीच्या त्या लेण्यांवरून एक गोष्ट आपल्या समाजाने मनावर घ्यावी. जीर्णोद्धारास हात सैल सोडणे ही आपली परंपरा आहे आणि केवळ जिनमंदिरांपुरती ती मर्यादित नाही. व्यापारानिमित्त ज्या गावी राहिलो तेथील ग्रामदेवतेच्या वर्गणीतही आपली पावती असते. परंतु कोकणात आज अनेक ठिकाणी जांभ्या दगडाची, कौलारू छपराची, कोरीव खांबांची देवळे पाडून त्यांच्या जागी सिमेंटचा सभामंडप आणि चकचकीत फरशी येत आहे. जुने खांब आवाराच्या कोपऱ्यात भिजत पडतात, वीरगळ पायरीला लागतात, मूर्तींवर तैलरंग चढतो. जांभा सच्छिद्र असतो. चुन्याच्या गिलाव्यातून त्यातील ओल बाहेर पडते. सिमेंटने ती आत कोंडते आणि दगड झिजू लागतो. म्हणजे श्रद्धेने दिलेला पैसाच वास्तूचे आयुष्य कमी करतो.

म्हणून देणगीपूर्वी चार प्रश्न विचारावेत. जुन्या वास्तूची छायाचित्रे आणि मोजमापे घेतली आहेत काय? एखादा लेख किंवा मूर्ती असल्यास पुरातत्त्व विभागास कळवले आहे काय? दुरुस्तीने भागत असता पाडण्याची गरज काय? आणि बांधून झाल्यावर दरवर्षीच्या निगेची तरतूद कोणती? रट्टराजाने आपल्या दानपत्रात दुरुस्तीचा वेगळा उल्लेख केला होता. आपण मात्र बहुधा नावाच्या पाटीचा आग्रह धरतो.

आहार, ऋतू आणि आचार

पावसाळ्यात सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात आणि तो चातुर्मासाचाही काळ. म्हणून दिवाळीनंतर फाल्गुनापर्यंतचे दिवस उत्तम. थंडीत सूर्य लवकर मावळतो. चौविहार पाळणाऱ्यांनी सायंकाळच्या भोजनाची सूचना सकाळीच देऊन ठेवावी आणि पिण्याचे उकळलेले पाणी सोबत बाळगावे. किनारपट्टीवर मासळीचे प्राबल्य आहे, हे गृहीत धरूनच निघावे. त्याविषयी यजमानांपुढे नापसंती दाखवू नये. आधी सांगितल्यास घरगुती खाणावळीत कांदा-लसूण-कंदमुळांविना सुंदर जेवण मिळू शकते. आंबवलेल्या आंबोळीऐवजी घावणे आणि नारळाचा गोड रस, तांदळाची भाकरी, काजूची उसळ, फणसाची भाजी, लसणाविना सोलकढी. मंदिरात गाभाऱ्याची मर्यादा गुरवास विचारावी, छायाचित्रापूर्वी परवानगी घ्यावी आणि किल्ल्यावर नेलेली प्रत्येक बाटली परत आणावी.

घाट चढताना

रेडीहून सावंतवाडी, तेथून आंबोली आणि घाटमाथ्यावर पुढे आजरा. विजयदुर्ग बांधल्याचे श्रेय परंपरा ज्या भोजराजास देते, त्याच्याच राजवटीत शके ११२७, म्हणजे इ. स. १२०५ मध्ये, या आजऱ्यात, तेव्हाच्या अर्जुरिकेत, जैन पंडित सोमदेवाने ‘शब्दार्णवचंद्रिका’ हा व्याकरणग्रंथ पूर्ण केला. तो लिहिला गेला गंडरादित्याने बांधविलेल्या त्रिभुवनतिलक जिनालयात. एका राजाने मंदिर बांधले, दुसऱ्याच्या राज्यात पंडिताने तेथे बसून ग्रंथ लिहिला आणि ग्रंथात राजा, गाव, मंदिर या सर्वांची नावे नोंदवली. खाली बंदरात जहाजामागे सोने गोळा होत होते, वर घाटमाथ्यावर शब्दांचे नियम लिहिले जात होते. मधल्या घाटवाटांनी मीठ, कापड आणि धान्य ये-जा करीत होते. ती ये-जा करणारे बहुधा आपल्यासारखेच पेढीवाले असतील. त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. त्यांनी भरलेला गद्याणक मात्र ताम्रपटात कायमचा जमा आहे.