वाट देणारे पूल

गेल्या महिन्यात एका स्नेह्याने विचारले, "रेडिओवर कशावर बोलणार आहेस?" मी म्हटले, "पुलांवर." तो खूश होऊन म्हणाला, "वा! त्यांचे कुठले पुस्तक घेतो आहेस?" पुलंवर बोलणे मला सोपे गेले असते. पण आज मी बोलणार आहे ते लोखंडाच्या पुलांवर, त्यातही जहाज आले की बाजूला होणाऱ्या पुलांवर आणि असले पूल सांभाळण्यात आयुष्य घालवणाऱ्या माणसांवर. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मला यात काय कळते, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर माझ्या अब्बांपाशी आहे.

अब्बा खलाशी होते. आमच्या कोकणातल्या मुसलमानांच्या कित्येक घरांतून पिढ्यान् पिढ्या माणसे बोटीवर गेली, तसेच तेही गेले. रजेवर आले की ओटीवर बसून गोष्टी सांगत. त्यातली एक सुएझ कालव्याची. एल फर्दान या ठिकाणी रेल्वेचा मोठा पूल होता, १९६३ साली बांधलेला. बोटींचा तांडा निघाला की तो पूल वळून काठाशी उभा राहायचा. अब्बा म्हणायचे, "घरात वडीलधारी माणसे आली की पोरगा कसा भिंतीला लागून उभा राहतो, तसा." १९६७ च्या लढाईत तो पूल गेला आणि कालवाही बंद पडला. १९७५ मध्ये कालवा पुन्हा उघडला, अब्बा पुन्हा तिथून गेले, तेव्हा त्या जागी काही नव्हते. तिथे नवा पूल उभा राहायला २००१ साल उजाडले. त्याचा कालव्यावरचा गाळा ३४० मीटरचा, वळणाऱ्या पुलांत जगात सर्वांत लांब. तो पाहायला अब्बा राहिले नाहीत.

ही गोष्ट मी विसरलो होतो. ती आठवली माझ्या भाचीमुळे. ती मेकॅनिकल इंजिनियर आहे. एके दिवशी घरी आली आणि म्हणाली, "मामू, उघडणाऱ्या पुलांच्या यंत्रणेचे काम करणाऱ्या कंपनीत मला बोलावले आहे. अम्मी म्हणते, असले पूल देशात आहेत तरी किती? त्यावर जन्म काढणार का? तुम्ही सांगा, काय करू?" मी तिला लगेच उत्तर दिले नाही. आधी वाचू लागलो. जे समजले ते तिला सांगितले, तेच आज तुम्हाला सांगतो.

या पुलांच्या मुख्य जाती तीन. पहिला वळणारा. तो मधल्या खांबावर फाटकासारखा आडवा फिरतो. दुसरा झडपेसारखा वर उघडणारा. लंडनचा १८९४ सालचा टॉवर ब्रिज या जातीचा. तिथे आजही नदीतल्या जहाजाचा हक्क पहिला. जहाज आले की रस्त्यावरच्या मोटारी थांबतात, मग आत कोणीही बसलेले असो. तिसरा सरळ उचलला जाणारा. दोन बाजूंना दोन मनोरे आणि त्यांच्यामध्ये पुलाचा गाळा लिफ्टसारखा वर चढतो. वॉडेल नावाच्या इंजिनियरने १८९४ मध्ये शिकागोच्या साउथ हॉल्स्टेड स्ट्रीटवर असा पूल बांधला आणि या जातीच्या मोठ्या पुलांना तिथून चालना मिळाली.

शेकडो टनांचे हे धूड उचलते कोण? मोटर उचलते, असे आपल्याला वाटते. खरे तर ते तोलाने उचलले जाते. आमच्याकडे विहिरीवर लाट असायची. लांब वासा, एका टोकाला पोहरा, दुसऱ्या टोकाला बांधलेला धोंडा. धोंडा नीट बांधलेला असेल तर लहान पोरही पाणी काढी. या पुलांचे तसेच आहे. मागे लोखंडाचे किंवा काँक्रीटचे वजन असते, त्याला काउंटरवेट म्हणतात. तोल बरोबर असला की मोटरला फक्त घर्षण, वारा आणि सुरुवातीची जडता यांवर मात करायची असते. पण तोल एकदा साधला की कायमचा साधला, असे होत नाही. पुलाला रंगाचे थरावर थर चढतात, रस्त्यावर नवे डांबर पडते, वजन वाढते. म्हणून ठरावीक काळाने तोल पुन्हा तपासावा लागतो. शिकागोत सप्टेंबर १९९२ मध्ये मिशिगन ॲव्हेन्यूवरच्या पुलाचे नूतनीकरण चालू असताना तोल ढळलेली झडप एकाएकी वर उसळली, तिच्यावरची क्रेन कोसळली आणि माणसे जखमी झाली. ऊनही या पुलांना छळते. जुलै २०२४ मध्ये न्यूयॉर्कचा थर्ड ॲव्हेन्यू ब्रिज उन्हाने फुगला आणि उघडला तो मिटेचना. बोटींतून पाण्याचे फवारे मारून त्याला थंड करावे लागले.

आपल्या देशातला या जातीचा सर्वांत नामांकित पूल म्हणजे रामेश्वरमला जाणारा पांबनचा. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी तो सुरू झाला. समुद्रावर दोन किलोमीटरहून लांब आणि मध्ये उघडणारा एक गाळा. झुलती खुर्ची जशी मागे कलते, तशा या गाळ्याच्या दोन झडपा मागे लोळत वर जात. हे तंत्र विल्यम शेर्झर या अमेरिकन इंजिनियरचे. पांबनला विजेची मोटर नव्हती. माणसे दोन्ही बाजूंना उभी राहून हाताने दांडे फिरवत आणि समुद्राची वाट मोकळी करून देत. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात रात्री एक पॅसेंजर गाडी प्रवाशांसकट वाहून गेली. शंभराहून अधिक माणसे दगावली. पुलाचे कितीतरी गाळे समुद्रात गेले, शेर्झरचा उघडणारा गाळा मात्र टिकला. दुरुस्तीचे काम ई. श्रीधरन या तरुण अधिकाऱ्याकडे आले. वाहून गेलेल्या तुळया समुद्रातून शोधून काढून त्यांनी ४६ दिवसांत पूल पुन्हा उभा केला. हेच श्रीधरन पुढे कोकण रेल्वे घेऊन आमच्या दारात आले.

त्या जुन्या पुलावरून डिसेंबर २०२२ पर्यंत गाड्या धावल्या. ६ एप्रिल २०२५ रोजी शेजारचा नवा पूल सुरू झाला. तो वॉडेलच्या घराण्यातला, म्हणजे सरळ उचलला जाणारा. त्याचा ७२.५ मीटरचा गाळा १७ मीटर वर जातो. पण काम पाहून रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी नोव्हेंबर २०२४ च्या अहवालात आखणीबद्दल आणि गंजापासूनच्या बचावाबद्दल आक्षेप नोंदवले होते. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचे काय होते, हे आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांना सांगायला नको. हा पूल बांधून संपला असे कधी होणार नाही. कोणाला तरी तो रोज जपावा लागेल.

भाचीला मी म्हटले, "तुझी नोकरी ही आहे." या विद्येची वेगळी पदवी नसते. कोणी सिव्हिलमधून येतो, कोणी मेकॅनिकलमधून, कोणी इलेक्ट्रिकलमधून. पहिली काही वर्षे दात्यांची झीज मोजण्यात, तारदोरांचे तुटलेले धागे तपासण्यात, ग्रीसने हात भरण्यात जातात. पुष्कळसे काम रात्री, गाड्या आणि मोटारी थांबवता येतात तेव्हा. मग हिशेब करायला मिळतात. पूल उघडण्याआधी सिग्नल लाल झालाच पाहिजे, कुलूप निघालेच पाहिजे, अशी साखळी आखायची असते. एका पुलासारखा दुसरा नसतो. साध्या पुलावरची चूक कित्येकदा सावकाश दिसते, हलणाऱ्या पुलावरची त्याच दिवशी दिसते. यात नाव होईल अशी आशा मात्र धरू नये.

नावाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. शेर्झर १८९३ मध्ये वारला, अवघ्या ३५ व्या वर्षी. त्याच्या तंत्राचे पेटंट मिळाले ते त्याच वर्षी, पण त्याच्या मृत्यूनंतर. आपला पहिला पूल उघडताना त्याने पाहिला नाही. भाऊ अल्बर्टने कंपनी चालवली, म्हणून ते तंत्र पांबनपर्यंत पोहोचले. दुसरा जोसेफ स्ट्रॉस. उघडणाऱ्या पुलांवर याची हयात गेली, लोखंडाऐवजी काँक्रीटचे स्वस्त काउंटरवेट त्याने रूढ केले. शिवाय तो कविता करी, म्हणून मला तो जवळचा वाटला. पुढे सॅनफ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल त्याच्या नावे झाला. १९३७ मध्ये पूल पुरा झाल्यावर त्याने त्यावर कविताही लिहिली. पण त्या पुलाचे किचकट गणित मांडणाऱ्या चार्ल्स एलिसला त्याने आधीच कामावरून दूर केले होते. एलिसचे श्रेय पुलाच्या व्यवस्थापनाने अधिकृतपणे मान्य केले ते २००७ मध्ये. म्हणजे सत्तर वर्षांनी. कवीने असे करावे, याची मला कवी म्हणून लाज वाटली.

मग ही विद्या टिकते कशी? मोजकी माणसे, विखुरलेले पूल, एक जाणता निवृत्त झाला की त्याच्याबरोबर चाळीस वर्षांची समज घरी जाते. अमेरिकेतल्या या धंद्यातल्या मंडळींनी त्यावर एक उपाय काढला. 'हेवी मूव्हेबल स्ट्रक्चर्स' नावाची त्यांची संस्था आहे, नफा न कमावणारी. १९८५ पासून साधारण दर दोन वर्षांनी ती परिषद भरवते. पुलाचे मालक, सल्लागार, ठेकेदार, यंत्रे बनवणारे एकत्र बसतात. कुठे बेअरिंग का झिजले, कुठला तोल कसा सुधारला, हे लिहून आणतात. जुने निबंधही जपून ठेवलेले आहेत, मागाहून येणाऱ्याला वाचता येतात. असल्या संस्थेच्या संचालक मंडळावर बसणे म्हणजे हारतुरे नव्हेत. सभागृह ठरवा, निबंध मागवा, आळशी लेखकाच्या मागे लागा, हिशेब ठेवा. हे सगळे आपली नोकरी सांभाळून.

हे वाचताना मला माझीच एक गोष्ट आठवली. ती सांगायला बरे वाटत नाही, पण सांगतो. मी आमच्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर होतो. सभेत पंखा घ्यावा की खुर्च्या, यावर दोन दोन तास वाद चाले. मी कंटाळलो. म्हटले, एवढ्या वेळात चार कविता होतील. राजीनामा देऊन मोकळा झालो. जाण्याआधी एक वही वाचनालयाला दिली होती. अब्बा आणि त्यांच्या जोडीदार खलाशांकडून मी जमवलेले शब्द तिच्यात होते, दोरांची नावे, वाऱ्यांची नावे, गाठींची नावे. नोंदवहीत तिची नोंद करायचे काम माझ्याकडेच होते. ते मी 'पुढच्या सभेनंतर करू' म्हणून ठेवले, आणि पुढच्या सभेला मी नव्हतो. काही वर्षांनी कपाटे हलवली गेली, त्यात वही गेली. नोंदच नव्हती, तर शोधणार कोण आणि कशाच्या आधारावर? आता ते शब्द सांगणाऱ्यांपैकी एकही हयात नाही. मला वीस-पंचवीस आठवतात, बाकीचे गेले. चार कविता झाल्या त्या वर्षी, पण त्या वहीची भरपाई त्यांनी होत नाही.

भाचीला मी ही गोष्टही सांगितली. ती म्हणाली, "मामू, म्हणजे नोकरी घ्या आणि वर समितीवरही बसा?" मी म्हटले, "पहिली काही वर्षे फक्त शीक. जुन्या माणसांबरोबर पुलावर चढ, ते काय बोलतात ते लिहून ठेव. नंतर कोणी म्हणाले, आमच्या संस्थेचे चिटणीसपद घ्या, तर वेळ नाही म्हणू नकोस. मी म्हटले होते."

तिने ती नोकरी घेतली. परवा फोन आला. आवाजामागे वारा घोंघावत होता. म्हणाली, "मामू, आज पहिल्यांदा गाळा उचलताना वर होते. खालून मच्छीमारांच्या होड्या गेल्या. त्यातल्या एकाने हात केला." मला अब्बा आठवले. त्यांनी पूल नेहमी खालून पाहिला, बोटीच्या डेकवरून. वरच्या माणसाला त्यांनीही हात केला असेल. मी तिला एवढेच विचारले, "आजची नोंद केलीस का?" ती हसली. म्हणाली, "आधी नोंद केली, मग फोन केला."

मीही पुन्हा वाचनालयात जाऊ लागलो आहे. आठवतात तेवढे शब्द नव्या वहीत उतरवून दिले, आणि या खेपेस नोंदवहीत आधी क्रमांक टाकला. पुढच्या रविवारी कार्यकारिणीची सभा आहे. पंख्याचा विषय अजून तसाच आहे, असे कळते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)