पन्नास वॅटमध्ये किती दूर?

मोबाइलची रेंज गेली की आपला जीव कासावीस होतो. त्यात वीज गेली, टॉवरची बॅटरी संपली की संपलंच सगळं. आणि संकटं अशाच वेळी येतात. जुलै २०२३मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुरानं वेढलं, तेव्हा माणसं बाहेर काढायला हवाई दलाची हेलिकॉप्टरं आली होती, हे यवतमाळकरांना वेगळं सांगायला नको.

टॉवर नाही, इंटरनेट नाही, तरी गाडीच्या बॅटरीवर आणि झाडाला बांधलेल्या तारेवर दूरवर बोलता येतं. त्याला म्हणतात हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी संच. वय १२ पूर्ण असेल, तर परीक्षा देऊन तुम्हीही त्याचं लायसन्स काढू शकता.

अभ्यासाला बसलात की आधी भेटतात रुक्ष आकडे. इतके ते इतके मेगाहर्ट्झ, इतक्या वॅटच्या वर नाही. पाठ करायचे आणि पेपर झाला की विसरायचे? थांबा जरा. या आकड्यांमागे शेतीच्या वादासारखीच एक लांबलचक भानगड आहे.

पडीक जमिनीतलं पीक

१९१२ साली टायटॅनिक बुडाली. त्याच वर्षी अमेरिकेनं कायदा करून हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर ढकललं. पॉवर जास्तीत जास्त एक किलोवॅट. आखूड लहरी तेव्हा बिनकामाच्या समजत. म्हणजे पडीक तुकडा देऊन वाटेला लावलं म्हणा ना! पण पोरांनी त्याच तुकड्यात पीक काढलं. नोव्हेंबर १९२३मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतल्या हौशींनी ११० मीटरच्या आसपास, अटलांटिक महासागराच्या आरपार, एकमेकांशी मोर्स कोडमध्ये संवाद साधला.

मग काय, सगळ्यांचीच नजर तिकडे वळली. १९२७च्या वॉशिंग्टन परिषदेत लहरींची वाटणी झाली आणि ७ ते ७.३ मेगाहर्ट्झचा पट्टा हौशींच्या नावावर लागला. पुढे प्रसारण केंद्रांनी बांध कोरायला सुरुवात केली. १९५९च्या परिषदेपर्यंत आपल्याकडे ७ ते ७.१ एवढीच पट्टी उरली. गेलेल्यातला ७.१ ते ७.२ हा भाग परत मिळायला २९ मार्च २००९ उजाडावं लागलं.

४२.३४ मीटर

भारतात पहिलं हौशी लायसन्स १९२१चं, कोलकात्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तू यांचं. १९३९ साली महायुद्ध पेटलं आणि इंग्रज सरकारनं हौशींची लायसन्स रद्द केली. तरी ऑगस्ट १९४२मध्ये मुंबईत २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलिसांना चकवा देत जागा बदलत ते ४२.३४ मीटरवर बोलत राहिले, नोव्हेंबरमध्ये पकडले जाईपर्यंत. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. आता ३०० ला ४२.३४ नं भागा. उत्तर येतं साधारण ७.०९ मेगाहर्ट्झ. आज हॅमसाठी राखलेल्या पट्ट्यातच!

मग पॉवर कमी पडते का?

आपल्याकडे सर्वसाधारण श्रेणीला कमाल ४०० वॅटची मुभा आहे, मर्यादित श्रेणीला ५० वॅटची. ‘फक्त पन्नास?’ असं वाटेल. पण गणित बघा. पॉवर आठपट केली, तर समोरच्याच्या सेटवरचा सिग्नलचा काटा जेमतेम दीड घर वर सरकतो. खरा खेळ आकाशाचा आहे. ७ मेगाहर्ट्झची लहर वरच्या आयनोस्फिअरवरून परत खाली येते. त्यामुळे दिवसा काहीशे किलोमीटर आणि रात्री त्याहून कितीतरी लांब आवाज पोहोचतो. त्यासाठी हवी साधारण २० मीटर तार, उंच बांधलेली. दोन कडुलिंबांच्या मध्येही चालेल. वॅटच्या मागे धावण्यापेक्षा तार चांगली बांधा.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा लातूर भागातले निरोप पोहोचवायला हॅम धावून गेले होते. त्यांना सेट चालवायची सवय आधीपासून होती, म्हणून ते जमलं. पूर आल्यावर मॅन्युअल उघडून कुणी शिकत नाही.

तेव्हा काय करायचं? अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर करता येतो. मर्यादित श्रेणीला मोर्स कोड यायची अट नाही. ऑनलाइन स्वस्तात हातातले सेट मिळतात, पण लायसन्स नसताना बोलायचं बटण दाबू नका. तो गुन्हा आहे.

आणि एक लक्षात ठेवा. लहरींची वाटणी कायमची नसते. दर काही वर्षांनी जागतिक परिषद भरते, रिकाम्या पट्ट्यावर कुणा ना कुणाचा डोळा असतोच. शेत पडीक दिसलं की बांध सरकतो, हे यवतमाळच्या पोरांना कुणी शिकवायला नको.