वॉर्डातला मुक्काम

रुग्णालयात दाखल होण्याचे दोन प्रकार असतात. अपघात, हृदयविकाराचा झटका किंवा अपरात्री सुरू झालेल्या कळा तयारीला उसंत देत नाहीत. तिथे १०८ ची रुग्णवाहिका बोलावायची आणि जवळचे रुग्णालय गाठायचे. परमानंद कटारा खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९ च्या निकालानुसार आणीबाणीतल्या रुग्णावर आधी उपचार आणि सोपस्कार नंतर, हे सरकारी आणि खासगी अशा दोन्हीकडच्या डॉक्टरांना बंधनकारक आहे. दुसरा प्रकार ठरवून दाखल होण्याचा. हर्निया, पित्ताशयातले खडे, मोतीबिंदू, गुडघ्याचा सांधा, गर्भाशयातल्या गाठी अशा शस्त्रक्रियांची तारीख आठ-पंधरा दिवस आधी हातात असते. हे दिवस बहुतेक घरांत काळजी करण्यात जातात. खरे तर ते तयारीचे दिवस आहेत.

तयारी कशासाठी, हे वॉर्डाची रचना पाहिली की कळते. सकाळच्या सिस्टर दुपारी घरी जातात, दुपारच्या रात्री. निवासी डॉक्टर बदलतात, मोठे सर्जन दिवसातून एकदा-दोनदा राउंडला येतात, भूलतज्ज्ञ एकदाच भेटतात. माणसे बदलत असताना माहिती पुढे जाते ती केस पेपरवर आणि ड्युटी बदलताना दिल्या-घेतल्या जाणाऱ्या ‘ओव्हर’मध्ये. दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत सलग हजर असतात ते रुग्ण आणि त्याच्या सोबतीचा माणूस. म्हणून आपल्याला काय झाले आहे, कोणती औषधे चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे हे ज्यांना नीट सांगता येते, त्यांच्या बाबतीत चूक वेळेत पकडली जाण्याची शक्यता वाढते.

सगळ्यात आधी पैशांचा मार्ग ठरवावा लागतो. महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये मात्र वेगळ्या खात्याकडे असल्याने तिथे हा निर्णय लागू झाला नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरावीक शस्त्रक्रिया आणि उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन पहिल्यांदा त्यालाच भेटावे, आणि तेही दाखल होण्याआधी. तिसरा मार्ग धर्मादाय रुग्णालयांचा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे आणि मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. मुंबई-पुण्यातली कितीतरी नामांकित, चकचकीत रुग्णालये या यादीत आहेत, हे गरजू कुटुंबांना अनेकदा बिल हातात पडल्यावर कळते. उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवकांच्या कार्यालयात दाखल होण्याआधीच जावे, एवढी एक गोष्ट जरी माहीत असली तरी कर्ज टळू शकते.

विमा असलेल्यांनी पॉलिसीतले एक कलम वाचायलाच हवे, ते म्हणजे खोलीभाड्याची मर्यादा. अनेक जुन्या पॉलिसींत ती विमा रकमेच्या १ टक्का असते. ५ लाखांच्या विम्यावर दिवसाला ५,००० रुपयांची खोली बसते. रुग्णाने १०,००० ची खोली घेतली, तर कंपनी नुसता भाड्यातला फरक कापून थांबत नाही. डॉक्टरांची फी, थिएटरचे शुल्क असे खोलीच्या दर्जानुसार बदलणारे खर्चही ती त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मे, नामंजूर करू शकते. एका रात्रीच्या सोयीसाठी घेतलेली मोठी खोली अशी लाखाला जाऊन भिडते. कॅशलेससाठीची पूर्वपरवानगी ठरवून होणाऱ्या शस्त्रक्रियेत दोन-तीन दिवस आधी मागावी. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीने अशा अर्जावर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा आहे. हातमोजे, डायपर, नोंदणी शुल्क अशा किरकोळ गोष्टी बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत, तेवढी रोकड जवळ असू द्यावी.

शस्त्रक्रियेआधी रक्त, लघवी, ईसीजी, गरजेप्रमाणे छातीचा एक्स-रे अशा तपासण्या होतात आणि भूलतज्ज्ञ रुग्णाला तपासतात. ही भेट पाच-दहा मिनिटांची असली तरी तिच्याइतके महत्त्व दुसऱ्या कुठल्याच भेटीला नाही. पूर्वी कधी भूल दिली होती का, तेव्हा त्रास झाला का, दात हलतो का, कवळी आहे का, तंबाखू-मिश्री-सिगारेट किती, दारू किती, दम लागतो का, झोपेत घोरणे किती, हे सगळे तिथे खरे सांगायचे असते. सासऱ्यांसमोर किंवा मुलांसमोर सांगायला संकोच वाटत असेल तर त्यांना बाहेर थांबायला सांगावे. डॉक्टरला त्यात नवल वाटत नाही. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटेच सोबत न्यावीत, ‘ती छोटी पांढरी गोळी’ यावरून काही कळत नाही. रक्त पातळ करणारी औषधे आणि मधुमेहाच्या काही गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, तर रक्तदाबाच्या आणि थायरॉइडच्या अनेक गोळ्या त्याच सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात. यातले काहीही आपल्या मनाने ठरवू नये. आयुर्वेदिक काढे, चूर्णे, लसणाच्या कॅप्सूल याही औषधांतच मोडतात आणि त्यांतली काही रक्तस्राव वाढवतात, म्हणून त्याही सांगाव्यात.

उपाशी राहण्याबद्दल घरोघरी गोंधळ असतो. भुलेत घशाची प्रतिक्षिप्त क्रिया थांबते. पोटात अन्न असेल तर ते वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकते आणि त्यातून होणारा न्यूमोनिया जीवघेणा ठरतो. सर्वसाधारण नियम असा की हलके खाणे आणि दूध ६ तास आधी बंद, तळलेले किंवा मटणाचे जड जेवण ८ तास आधी, अंगावरचे दूध ४ तास आणि साधे पाणी २ तास आधी. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत. सकाळी ‘अर्धा कप चहाच तर घेतलाय’ या एका वाक्याने शस्त्रक्रिया दुपारवर किंवा दुसऱ्या दिवसावर गेल्याची उदाहरणे प्रत्येक थिएटरात सापडतील. उलट, रात्री नऊपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाण्याचा थेंबही न देता म्हाताऱ्या माणसाला ताटकळत ठेवणेही चूकच आहे. पाणी कधीपर्यंत चालेल, हे वेळ घालून विचारून घ्यावे.

पिशवीत फार सामान नको. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेली फाइल, ओळखपत्रे, पुढून उघडणारे सैल कपडे, न घसरणाऱ्या चपला, चष्मा, कानाचे यंत्र, कवळीची डबी, मोबाइलचा चार्जर आणि एक वही-पेन पुरेसे होते. दागिने घरी ठेवावेत. मंगळसूत्र आणि बांगड्या काढायचा प्रश्न अनेक बायकांना ऐनवेळी जड जातो. पण थिएटरात रक्तस्राव थांबवायला विजेवर चालणारे उपकरण वापरतात, तेव्हा अंगावरच्या धातूने भाजण्याचा धोका असतो आणि हाताला सूज आली तर बांगडी, अंगठी रुतते. घरच्या घरी बोलून हे आधीच ठरवलेले बरे. नखांचे पॉलिश काढावे, कारण बोटाला लावलेला चिमटा नखातून प्रकाश सोडून रक्तातला ऑक्सिजन मोजतो. शस्त्रक्रियेच्या जागेचे केस घरी ब्लेडने काढू नयेत. त्वचेवर बारीक ओरखडे उठतात आणि जंतुसंसर्ग वाढतो. गरज असेल तर रुग्णालयात क्लिपरने काढतात.

दाखल होताना मनगटाला पट्टी बांधली जाते. तिच्यावरचे नाव, वय आणि आंतररुग्ण क्रमांक वाचून खात्री करून घ्यावी. औषध देताना, रक्त घेताना, रक्त चढवताना ओळख पटवायची ती या पट्टीवरून आणि नाव विचारून. खाटेच्या क्रमांकावरून कधीच नाही, कारण खाटा बदलतात. सिस्टर तेच नाव दिवसातून दहादा विचारतात तेव्हा त्या आपले काम चोख करत असतात.

संमतिपत्रावर आपल्याकडे मुलगा किंवा नवरा सही करतो आणि रुग्ण नुसता पाहत राहतो, असे अजूनही घडते. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती त्याची स्वतःचीच लागते. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे स्पष्ट केले: तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेला चालत नाही, आणि रुग्ण भुलेखाली असताना आईने दिलेली परवानगी रुग्णाच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. जिवावर बेतलेला प्रसंग तेवढा अपवाद. सही करण्याआधी शस्त्रक्रिया नेमकी कोणती, कोणत्या बाजूची, दुसरा उपाय आहे का, धोके कोणते, न केल्यास काय होईल, एवढे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. मजकूर समजेल अशा भाषेत मागावा. कोऱ्या जागा असलेल्या फॉर्मवर सही करू नये.

थिएटरात गेल्यावर पुन्हा तेच प्रश्न येतात: नाव काय, ऑपरेशन कसले, कोणत्या बाजूला. याच्यामागे जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेली १९ मुद्द्यांची सुरक्षा यादी आहे. भुलेआधी, छेद घेण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर जाण्याआधी अशा तीन टप्प्यांत ती मोठ्याने वाचायची असते. ती तयार करणाऱ्या गटाचे नेतृत्व अमेरिकेतले सर्जन अतुल गवांदे यांनी केले. त्यांच्या वडिलांचे मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातले उटी. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा मोठ्या गुंतागुंतींचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणि मृत्यूंचे १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आले. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही, फक्त ठरलेले प्रश्न न चुकता विचारणे. वैद्यकशास्त्रात इतक्या कमी खर्चात इतके मिळाल्याची उदाहरणे थोडी आहेत.

भूल उतरताना थंडी वाजते, घसा खवखवतो, मळमळते. पाठीतून भूल दिली असेल तर पाय काही तास आपले वाटत नाहीत. हे सगळे अपेक्षित असते. सलाइन, लघवीची नळी, जखमेतून निघालेली ड्रेनची नळी पाहून नातेवाईक घाबरतात. कोणती नळी कशासाठी आणि ती कधी निघणार, हे विचारले की भीती बरीच उतरते. दुखणे ० ते १० मध्ये किती, असे विचारले जाते. तिथे सोसून ‘ठीक आहे’ म्हणण्यात शहाणपण नाही. दुखण्याने श्वास उथळ होतो, खोकता येत नाही, कफ साचतो. पहिल्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात, तेही पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. पहिल्यांदा उठताना मात्र एकट्याने उठू नये. चक्कर येऊन पडण्याचा धोका तेव्हाच सर्वांत जास्त असतो. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर राउंडला ‘गॅस पास झाला का?’ हा प्रश्न हमखास येतो. आतडी पुन्हा कामाला लागल्याची ती खूण आहे, तेव्हा लाजण्याचे कारण नाही.

वॉर्डाचा दिवस पहाटे सुरू होतो. अंग पुसणे, चादर बदलणे, नाडी-ताप-रक्तदाब, मग राउंड. राउंड काही मिनिटांत पुढे सरकतो, म्हणून प्रश्न आदल्या रात्री वहीत लिहून ठेवावेत. महाराष्ट्रातल्या वॉर्डांत वॉर्डबॉय ‘मामा’ आणि आया ‘मावशी’ असतात. बेडपॅन देणारे, स्ट्रेचर ढकलणारे हे हात नसतील तर वॉर्ड दुपारपर्यंतही चालणार नाही, आणि त्यांना मानाने हाक मारणे हा रुग्णाच्याही भल्याचा भाग आहे. सोबतीला एकच माणूस असावा, पण तो आळीपाळीने बदलावा. एकाच सुनेने किंवा मुलीने पाच रात्री जागून काढणे अन्यायाचे आहे. भेटीला येणाऱ्यांची गर्दी आपुलकीतून होते हे खरे. तरी सर्दी-खोकला असलेल्यांनी आणि लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांनी फोनवरच चौकशी करावी. रुग्णाला हात लावण्याआधी हात धुवा, असे डॉक्टरांनाही निःसंकोच सांगावे. इग्नाझ सेमेलवाइस यांनी व्हिएन्नात १८४७ मध्ये डॉक्टरांना हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू कमी करून दाखवले होते, आणि त्या उपायाला आजही पर्याय सापडलेला नाही.

अतिदक्षता विभागात भेट ठरलेल्या वेळी आणि थोडीच मिळते. मॉनिटर वाजला म्हणजे दरवेळी संकट आलेच असे नसते. बोटाचा चिमटा निसटला तरी तो वाजतो. सतत उजेड, आवाज आणि तुटक झोप यांमुळे वयस्क रुग्ण तिथे असंबद्ध बोलतात, माणसे ओळखत नाहीत. बहुतेकदा हे तात्पुरते असते. अशा वेळी त्यांचा चष्मा, कानाचे यंत्र आणि ओळखीचा आवाज यांचा मोठा उपयोग होतो. वागण्यातला असा बदल दिसला की तो सिस्टरच्या कानावर मात्र घालावा.

‘आज घरी जा’ असे सकाळच्या राउंडला ऐकले तरी निघायला दुपार-संध्याकाळ होते. डिस्चार्ज कार्ड लिहिणे, उरलेली औषधे मेडिकलला परत करणे, बिल, विम्याची अंतिम मंजुरी या क्रमाने फाइल फिरते. या वेळेत कार्ड ओळीने वाचून घ्यावे. निदान, झालेली शस्त्रक्रिया, कोणती गोळी किती दिवस, जुन्या गोळ्यांपैकी कोणत्या पुन्हा सुरू करायच्या, टाके कधी काढायचे, अंघोळ, जिना, ओझे आणि गाडी चालवणे कधीपासून, हे सगळे त्यात असायला हवे. ताप, जखमेतून पू, वाढते दुखणे, पिंढरीला सूज किंवा एकाएकी दम लागणे यांपैकी काही झाले तर थांबू नये. तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट अनेकदा डिस्चार्जनंतर येतो. तो आणायला कुणी, कधी जायचे हे त्याच दिवशी ठरवावे, कारण न आणलेल्या रिपोर्टमुळे कर्करोगाचे निदान महिनोन्महिने लांबू शकते.

आणि आपली कागदपत्रे मागून घ्यावीत. २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार डॉक्टरांनी आंतररुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या असतात आणि रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने मागितल्यास ७२ तासांच्या आत द्यायच्या असतात. त्यासाठी साधा लेखी अर्ज पुरतो.